पायी जुन्या गोव्याला निघताना

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की चोर्ला घाट उतरून माणसांच्या रांगा आपल्या बाजूला येऊ लागतात. खांद्याला पिशवी, डोक्याला टॉवेल, हातात रोझरी आणि चालण्यात दोन-तीन दिवसांचा शीण. बेळगाव, खानापूर, जांबोटीकडची ही मंडळी. केरी आणि सांखळी मागे टाकून ती कारापूरला पोचतात तेव्हा बहुतेकांचे पाय बोलायला लागलेले असतात. सावंतवाडीकडचे भाविक बांदा, पत्रादेवी, पेडणे, म्हापसा असे वेगळ्या वाटेने जातात. पण जायचे सर्वांना एकाच ठिकाणी, जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला. २४ नोव्हेंबरला नोव्हेना सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात पवित्र अवशेषांचे दर्शन होते, तेव्हा तर वाटेवर माणूसच माणूस होता. तसे दर्शन दहा वर्षांनी एकदा होते, पण फेस्त दरवर्षी आहे, आणि चालणारेही दरवर्षी आहेत.

या पानावर आपण एरवी खत, बियाणे, काजूवरचा रोग, गुरांची लाळ-खुरकत यांविषयी बोलतो. आज चालण्याविषयी बोलू. कोणी म्हणेल, शेतकऱ्याला चालायला काय शिकवायचे? मलाही तसेच वाटत होते.

बरीच वर्षे झाली त्याला. घाटावरून आलेले नऊ-दहा जण दुपारच्या उन्हात आमच्या अंगणात शिरले. त्यांतली एक म्हातारी बाई पायरीवर टेकली आणि आमच्या घरच्यांना म्हणाली, "काकी, घोटभर पाणी मिळेल का?" वयाने ती आमच्या घरच्यांपेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी, पण वाटेवर पाणी मागणारा यजमानिणीला काकीच म्हणतो. विहिरीचे पाणी शेंदून दिले, बाटल्या भरून दिल्या, पेज होती ती वाढली. मंडळी आशीर्वाद देऊन उठली. तिसऱ्या दिवशी कळले की त्यांतल्या चौघांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या, आणि त्या म्हातारीला फेस्ताची मिस्सा न ऐकताच इस्पितळात सलाईनवर पडून राहावे लागले.

त्यांनी वाटेत चार ठिकाणी पाणी प्यायले होते. दोष कोणत्या पाण्याचा, हे सांगता येत नव्हते. तरी मनाला चैन पडेना, म्हणून मी आमच्या विहिरीचे पाणी तपासून घेतले. अहवाल आला: पिण्यास अयोग्य. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून नऊ पावलांवर होता. तो मीच खणला होता, जागा सोयीची म्हणून. आमच्या घरात कोणी आजारी पडत नव्हते, कारण रोजच्या पाण्याची आमच्या पोटांना सवय झालेली. परक्याच्या पोटाला ती नसते, आणि चालून थकलेल्या परक्याच्या पोटाला तर मुळीच नसते. ती बाई बरी होऊन घरी गेली हे नंतर कळले, तेव्हा कुठे मला झोप आली.

मोडशीचे शहर

ज्या शहराकडे आपण चालत जातो, ते शहरच घाण पाण्याने मारले आहे, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? आज जुन्या गोव्यात चर्च, मठ आणि हिरवळ दिसते. सोळाव्या शतकात तिथे आशियातले एक मोठे शहर नांदत होते. पटकी आणि हिवताप यांच्या साथी त्या शहरात पुन्हा पुन्हा आल्या, लोक मेले, उरलेले उठून गेले, आणि शेवटी १८४३ साली राजधानीचा मान पणजीला देण्यात आला. आपली जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी झिरपते आणि पाण्याबरोबर घाणही. घरोघरच्या खड्ड्यांतले विहिरींत उतरत होते, असे त्या शहराच्या नाशाचे कारण सांगितले जाते. आमच्या नऊ पावलांची गोष्ट तिथे हजारो घरांत घडत होती, म्हणा ना.

त्या काळी गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत होता. त्याचे औषधी वनस्पतींवरचे पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. पटकीचा रोगी कसा दिसतो याचे त्यात वर्णन आहे. आपण ज्याला मोडशी म्हणतो, तोच शब्द त्याच्या कानावर पडला होता. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे 'मोर्देशी' झाले, आणि पुढे फ्रेंचांनी ते ऐकून 'मोर द श्यां' केले. त्यांच्या भाषेत याचा अर्थ कुत्र्याचे मरण. आज पोट बिघडले की आपण सहज म्हणतो, "मोडशी झाली." त्या शब्दाने एके काळी युरोपातल्या माणसाला घाम फुटत असे.

आणि ज्यांच्याकडे आपण जातो ते संतही पायी चालणारेच होते. स्पेनमधल्या नव्हारचा हा माणूस ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. त्याआधी वाटेत मोझांबिकला थांबावे लागले, तेव्हा आजाऱ्यांची सेवा करता करता ते स्वतः तापाने पडले होते. गोव्यात आल्यावरही पहिला मुक्काम इस्पितळातच. पुढे मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या दक्षिण किनाऱ्यावर, मग मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान. १५५०-५१ च्या हिवाळ्यात जपानची राजधानी गाठायला ते बर्फातून चालले. अखेर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर, पलीकडे नेणाऱ्या होडीची वाट पाहत असताना, तापानेच गेले. वय अवघे ४६. परमुलखात चालणाऱ्याला काय होऊ शकते हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल? त्यांच्याकडे उपचार नव्हते. आपल्याकडे आहेत, आणि ते स्वस्त आहेत.

विहीर आणि बाटली

प्रथम आपण जे वाटेवर राहतो, त्यांच्यासाठी. भाविकाला पाणी देणे हे पुण्य खरेच, पण आधी विहीर बघा. शोषखड्डा, गोठा, उकिरडा यांपासून विहीर निदान १५ मीटर, म्हणजे पन्नास फूट दूर हवी. जांभ्याच्या जमिनीत त्याहून जास्त असेल तर उत्तम. विहिरीला कठडा हवा आणि भोवतीचे सांडपाणी बाहेर जायला उतार हवा. शेंदायची बादली जमिनीवर ठेवू नये. ती कुत्रे चाटते, कोंबड्या तिच्यात चोच घालतात, आणि मग तीच विहिरीत जाते.

नंतर ब्लीचिंग पावडर. किती टाकायची याचा हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागा. आलेल्या संख्येला हजाराने गुणले की लिटर मिळतात. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर सुमारे ९,४०० लिटर झाले. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे या विहिरीला २४ ग्रॅमच्या आसपास. बादलीत थोड्या पाण्यात कालवून चुन्याची निवळी बसू द्यावी, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली विहिरीत बुडवून वरखाली हलवावी. निदान तासभर पाणी काढू नये. रात्री टाकले तर सगळ्यांत बरे. पावडरीचा डबा उघडा राहिला की तिचा जोर जातो. वास येत नसेल तर ती पावडर नव्हे, नुसता चुना समजा. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटी फिरवली म्हणजे पाणी शुद्ध झाले असे समजणारे पुष्कळ आहेत, आमच्या घरातही होते.

अंगणात पाण्याचा माठ ठेवणार असाल तर झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे ठेवा. पन्नास जणांनी हात बुडवलेले पेले माठात गेले की उकळलेल्या पाण्याचाही उपयोग नाही. जवळ एक बादली आणि साबणाची वडी ठेवली तर आणखी बरे. मोडशी पाण्याने येते तितकीच हातानेही येते.

आता चालणाऱ्यांसाठी. घरून उकळलेले पाणी न्यावे. चांगले बुडबुडे आल्यावर एक मिनिट उकळले की पुरे, अर्धा तास जाळ घालायची गरज नाही. वाटेत भरून घ्यावे लागले तर क्लोरीनच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात. एक गोळी किती लिटरला ते पाकिटावर लिहिलेले असते, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबावे लागते. तहानेच्या भरात हा अर्धा तास कोणी थांबत नाही, म्हणून दोन बाटल्या ठेवाव्यात: एक पिण्याची, एक थांबण्याची. बर्फाचा गोळा, बर्फ घातलेला उसाचा रस, चिरून ठेवलेले कलिंगड यांना लांबूनच नमस्कार. शहाळे मात्र उत्तम, डोळ्यांसमोर फोडलेले. केळे, संत्रे, म्हणजे जे स्वतः सोलून खाता येते ते चालेल.

रात्रीचा भात सकाळी खाण्याची आपल्याला सवय. घरी थंड जागी पाण्यात घातलेला भात वेगळा, आणि डब्यात कोंबून दिवसभर पाठीवर तापलेला भात वेगळा. शिजलेला भात तापत राहिला की त्यात विष तयार होते, आणि पुन्हा गरम केल्याने ते जात नाही. चालताना भाकरी, चपाती, पाव, उकडलेले रताळे, गूळ-शेंगदाणे बरे.

जुलाब लागलेच तर

१९७१ सालची गोष्ट. बांगलादेशाच्या युद्धातून पळून आलेले लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये छावण्यांत राहत होते आणि पटकी पसरली होती. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाईन संपत आली. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितले. छावणीत शंभरातले तीसच्या आसपास रोगी मरत होते, तिथे हे पाणी पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण चारच्या खाली आले. सुईशिवाय, शिकलेल्या नर्सशिवाय. डॉक्टर २०२२ साली वारले, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आपण जे ओआरएसचे पाकीट थोडक्या पैशांत आणतो, त्याच्यामागे ही छावणी आहे.

पाकीट घेताना एवढे पाहा: ते एक लिटरचे आहे की एका पेल्याचे? मोठे पाकीट साधारण २१ ग्रॅमचे असते, ते पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचे. पेलाभर पाण्यात मोठे पाकीट घातले तर क्षार जास्त होऊन लहान मुलाचे हाल होतात. दुसरे, डब्यातल्या गोड रंगीत पेयांवर 'ओआरएस' असे लिहून विकले जात होते. अशी नावे वापरण्यास २०२५ साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. जुना माल कुठे शिल्लक असेल तर फसू नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. याहून मीठ वाढवू नये. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. आणि पातळ पेज मीठ घालून दिली तर तीही हेच काम करते. आपल्या आज्या जुलाबावर पेज देत होत्या, त्या अडाणी नव्हत्या.

प्रत्येक जुलाबानंतर मोठ्या माणसाने पेला-दीड पेला प्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मुलांना अजिबात देऊ नयेत. मोठ्यांनीही ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर घेऊ नयेत. तांदळाच्या धुवणासारखे पांढरट जुलाब, सात-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, माणूस गुंगीत आहे, असे दिसले की नवस, वेळ, बरोबरची मंडळी कशाचाही विचार न करता १०८ ला फोन लावावा. हा रुग्णवाहिकेचा क्रमांक गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र तिन्हीकडे चालतो.

ऊन डिसेंबरचे असले तरी डांबरावर चटका देते. पाण्याचे प्रमाण कळायला लघवीचा रंग बघावा: फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी झाली तर तुम्ही उशीर केला आहे.

पाय आणि नवस

भाताची कापणी-मळणी आटोपून आपण थेट चालायला निघतो. टाचांना भेगा, बोटांमध्ये चिखल्या आणि वर नवे बूट. मुलाने दुबईहून पाठवलेले बूट फेस्तालाच पहिल्यांदा घालायचे, ही हौस समजते. पण ते बूट महिनाभर आधी घरात, मग शेतावर, मग बाजाराला घालून मऊ करावेत. आपली रोजची जुनी चप्पल पट्टा मजबूत असेल तर नव्या बुटांपेक्षा बरी. बूट घालणार असाल तर सुती मोजे दोन जोड न्यावेत. ओले झाले की बदलावेत. निघण्याआधी पंधरा दिवस रात्री टाचा धुऊन खोबरेल चोळले तर भेगा भरतात.

कारापूरहून जुने गोवे तसे दूर नाही. डिचोली, मये, नार्वे, तिथून फेरीबोटीने दिवाडी आणि दुसऱ्या फेरीबोटीने पलीकडे. किंवा आमोणा पूल, खांडोळा, माशेल, बाणस्तारी. वीस-पंचवीस किलोमीटरांचा पल्ला. धक्क्यावर फेरीची वाट पाहताना पुष्कळ जण पाय पाण्यात सोडून बसतात आणि तशाच ओल्या पायांनी चालू लागतात. ओली कातडी मऊ पडते, अर्ध्या तासात फोड. पाय धुतले तर बोटांच्या बेचक्यांतून कोरडे पुसा, दहा मिनिटे वारा लागू द्या.

फोड एकदम येत नाही. आधी तिथे चुरचुरते, गरम लागते. त्याच वेळी थांबून चिकटपट्टी लावली तर बहुधा फोड येत नाही. बरोबरची माणसे पुढे जातील म्हणून थांबत नाही, तिथेच चूक होते. लहान फोड फोडू नये. मोठा असून टेकवत नसेल तर सुई उकळत्या पाण्यातून काढून कडेला टोचावे, पाणी दाबून काढावे, पण वरची कातडी काढू नये. तीच सगळ्यांत चांगली पट्टी. औषध लावून बांधावे. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे झाली असतील तर निघण्याआधी घ्यावे.

आता मधुमेहाविषयी, आणि इथे मी थोडे कडक बोलणार आहे. अनवाणी चालण्याचा नवस आपल्याकडे खूप जण करतात. ज्याला मधुमेह आहे त्याने अनवाणी चालू नये, एक किलोमीटरही नाही. मधुमेहाने तळव्याची जाणीव कमी होते. खडा रुतला, काच लागली, डांबराने भाजले, तरी कळत नाही. संध्याकाळी मोजा काढला की रक्त दिसते, आठ दिवसांनी पू, आणि पुढची गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाते. "नवस बोललो आहे, आता कसा मोडू?" असे विचारणाऱ्यांनी धर्मगुरूंना जाऊन भेटावे. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात, कॅनन ११९६ प्रमाणे, योग्य कारण असल्यास धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना खासगी नवसातून सूट देता येते. तो नवस तितक्याच किंवा त्याहून चांगल्या कृत्यात बदलण्याची मुभा पुढच्याच कॅननमध्ये खुद्द नवस करणाऱ्यालाच दिली आहे. चपला घालून चाला, आणि अनवाणी चालण्याऐवजी वाटेवरच्या एखाद्या आजाऱ्याची पिशवी उचला.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशी चालू नये. चालण्याने साखर आधीच उतरते; हात थरथरले, घाम फुटला, बोलणे अडखळले तर लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाकावा. रक्तदाबाच्या गोळ्या फेस्ताच्या गडबडीत विसरू नयेत. पहाटे किंवा रात्री चालताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, एका ओळीत, फिकट कपडे घालून, हातात विजेरी घेऊन चालावे. चोर्ल्याच्या वळणांवर ट्रकवाल्याला काळा शर्ट दिसत नाही.

पातेऱ्यातला गोचीड

घाटातून येणाऱ्यांना आणखी एक धोका आहे, आणि तो आपल्या काजूच्या बागांतही आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने पडू लागली. तोच हा माकडताप. २०१५ साली तो सत्तरीतल्या पाळीत दिसला, २०१६ मध्ये पलीकडे दोडामार्गात. जंगलातल्या बारीक गोचिडीच्या चाव्याने तो होतो. एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे फेस्तापासून काजू संपेपर्यंत.

वाटसरूने झाडाखाली पातेऱ्यावर आडवे होऊ नये; बसायचेच तर उघड्या खडकावर किंवा प्लास्टिक अंथरून. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायघोळ पॅन्ट मोज्यात खोचलेली, आणि उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल. संध्याकाळी अंघोळ करताना काख, जांघ, गुडघ्यामागे, कमरपट्ट्याखाली, केसांच्या कडेला चाचपावे. पिल्लू-गोचीड तिळाएवढाच असतो. सापडला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा; रॉकेल ओतू नये, विडीने भाजू नये, बोटाने चिरडू नये. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे. जंगलातून आल्यावर आठवड्याभरात एकाएकी मोठा ताप, कपाळ फुटेल असे डोके आणि कंबर-पोटऱ्या ठणकणे, असे झाले तर डॉक्टरांना आपण कुठून आलो ते सांगावे. डॉक्टर मनकवडे नसतात. ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या जबर गोळ्या मनाने घेऊ नयेत, रक्तस्राव वाढतो. या तापावर नेमके औषध नाही. रोग्यांतले शंभरात तीन ते पाच दगावतात. लवकर दाखल झालेल्याला सांभाळून काढता येते. काजूखालचा पाला गोळा करणाऱ्या आपल्या बायकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, किंवा कोणी वाचून दाखवावा.

मुले आता दूर जातात

आपली पिढी जुन्या गोव्यापर्यंत चालली. मुले आता नेपाळात जातात, पाठीवर पिशव्या टाकून डोंगर चढायला. ज्यांचे नातेवाईक केनिया-टांझानियात आहेत ते किलिमांजारोची भाषा बोलतात. आईबापांनी भिण्याचे कारण नाही, पण चार गोष्टी विचारून घ्याव्यात.

चोर्ला चढताना दम लागतो तो चढाने. घाटमाथा जेमतेम आठशे मीटर आहे. हिमालयात दम लागतो तो हवेतल्या प्राणवायूच्या कमतरतेने. एव्हरेस्टच्या वाटेवर लुक्लाला विमान उतरते तेच सुमारे २,८६० मीटरवर, आणि तळछावणी ५,३६४ मीटरवर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोज झोपायची जागा पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम करावा. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे दिसले की त्याच उंचीवर थांबावे. झोकांड्या जाऊ लागल्या, बडबड सुरू झाली किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरावे. सकाळची वाट पाहू नये. यात तरणाताठा माणूस सुटतो असे नाही, उलट तोच जास्त घाई करतो. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही संस्था १९७३ पासून तिथे हेच सांगत आली आहे. डायमॉक्स नावाची गोळी मिळते, पण ती डॉक्टरांना विचारून, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगून. त्या उंचीवर पाणी तीन मिनिटे उकळावे, कारण तिथे ते कमी तापमानालाच उकळते.

टायफॉइड आणि कावीळ-अ यांच्या लसी चार-सहा आठवडे आधी घ्याव्यात. आफ्रिकेत जाणाऱ्याने पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकून पडावे लागेल. आणि हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या विचारून न्याव्यात. कुत्रे चावले तर, नेपाळ असो की डिचोलीचा बाजार, साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी लस. विम्यात हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरला आहे का, तेही पाहावे.

आमच्या घरी तो शोषखड्डा त्याच वर्षी बुजवला आणि परसाच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून मोजून सत्तर फुटांवर, नवा खणला. माठ अजून अंगणात असतो, ओगराळ्यासकट. यंदाही नोव्हेना लागण्याआधी चार दिवस विहिरीत पावडर घालायची आहे. डबा मात्र नवा आणावा लागेल. जुन्याचे झाकण पावसाळाभर सैल राहिले, आणि काल उघडला तर वासच नव्हता.